दोन बार

तन्वीरनं पिस्तूल आभाळाकडं रोखलं आणि सगीरानं टाळी वाजवली. पुंडलिकनगरच्या चौकातलं पथनाट्य तिथंच थांबलं. नवरदेव, करवल्या, बँडवाले, सगळे जागच्या जागी.

"आता तुम्ही सांगा," ती गर्दीकडं वळली. "गोळी सुटायच्या आधी याला कोण थांबवणार? या, पुढं या."

तीन वर्षांपूर्वी याच चौकात, एका वरातीत हौसेनं झाडलेली गोळी तिच्या नवऱ्याच्या, मोहियोद्दीनच्या, उजव्या मनगटातून गेली होती. तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. पोलिसांपुढं सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, फटाका फुटला. आता तो कडेला बसून डाव्या हातानं डफ वाजवायचा. शहरात अठरा ठिकाणी नाटक झालं होतं. हा चौक सगीरानं मुद्दाम शेवटी ठेवला होता.

"पोलिसांना फोन करा," एक मुलगी म्हणाली.

"आधी बँड बंद करा," कुणीतरी ओरडलं.

मग बद्रीनाथकाका उठले. ती वरात त्यांच्याच मुलाची होती. सगीरानं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं, पण बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

काकांनी हात पुढं केला. तन्वीरनं लगेच पिस्तूल त्यांच्या हातात ठेवलं.

"लाकडी हाय म्हणून दिलंस," ते म्हणाले. "त्या वरातीत माझ्या भाच्यानं दिलं नसतं."

"तुम्ही मागितलं होतं का, काका?" सगीरानं विचारलं.

ते पिस्तूल उलटसुलट करत राहिले.

"नाय. मीच म्हणलो व्हतो, दोन बार काढ. व्याह्यांना दिसू दे. आन् फटाक्याचंबी मीच सांगितलं."

मोहियोद्दीननं डफ खाली ठेवला.

"जोरात बोला, काका," तो म्हणाला. "मागच्यांना ऐकू गेलं नाय."

काकांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं पाहिलं. मग मान वर करून सगळं पुन्हा सांगितलं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं.

मागून एका बाईचा आवाज आला.

"आमच्या कपाटात हाय तसलं एक. पोराचं. पुढच्या आठवड्यात लगीन हाय त्याचं. काय करू?"

नाटकाचा एक प्रवेश अजून बाकी होता. सगीरानं नटांना खाली बसायची खूण केली.

"इकडं या, मावशी," ती म्हणाली. "इथं येऊन बोला."