माळ्यावर जपलेला बूट

मी एक जुना डोंगरी बूट आहे, मित्रांनो. वरचं कातडं मात्र अजून नवंकोरं, आणि तीच माझी लाज.

माझा जन्म चेन्नईहून काही तासांवरच्या आंबूरचा. तिथे माझं कातडं कापलं, शिवलं, आणि मी जोडीदारासह थेट स्कॉटलंडच्या एका दुकानात जाऊन बसलो. तिथे मला पुष्करने घेतलं. हा चेन्नईच्या अण्णा नगरातल्या मराठी घरातला मुलगा. कंपनीने त्याला वर्षभरासाठी तिकडे पाठवलं होतं. तिथली हवा सदा ओली. पाऊस पडतोय की धुकंच अंगाला चिकटतंय, कळत नसे. दर सुट्टीला पुष्कर एकटाच डोंगर चढायचा, तोही झपाझप. चिखल, शेवाळ, ओढे, मी कशालाच दाद दिली नाही. माथ्यावर बसून तो मला थोपटायचा. "शाब्बास, गड्या," म्हणायचा. ते माझे सुखाचे दिवस.

वर्ष संपलं आणि आम्ही चेन्नईला आलो. पुष्करच्या आईने, कमलिनीबाईंनी, मला पाहून डोळे विस्फारले. "एवढे भारी बूट! इथल्या दमट हवेत बुरशी चढेल रे." त्यांनी मला घासूनपुसून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि खोक्यात घालून माळ्यावर चढवलं. आयुधपूजेला विळी, स्कूटर, लॅपटॉप यांच्याबरोबर माझ्या खोक्यालाही गंध लागे. खोकं मात्र कुणी उघडत नसे. माउलीची माया खरी होती. पण पिशवीत कोंडलेल्या ओलीने माझ्या तळव्यातला मऊ थर आतल्या आत सडत होता. मी वापरात राहिलो असतो, वारा लागला असता, तर मी इतक्यात पोखरलो नसतो. मला ते कळत होतं. सांगणार कुणाला?

बऱ्याच वर्षांनी पुष्करला कामासाठी पुन्हा तिकडे जायचं ठरलं. खोकं खाली उतरलं. त्याची बायको रंजनी म्हणाली, "जायच्या आधी मरीनाच्या किनाऱ्यावर एक चक्कर तरी मार हे घालून. बघ कसे आहेत ते."

"अगं, नवेच आहेत! वाळूत कशाला खराब करू?"

कमलिनीबाई अभिमानाने हसल्या.

तिकडे पोचल्यावर सुट्टीच्या दिवशी पुष्कर ओळखीच्या डोंगरावर निघाला, नेहमीसारखा एकटा. भुरभुर चालू होती. अर्ध्या वाटेवर माझ्या जोडीदाराचा, डाव्याचा, तळवा लोंबू लागला. पुष्करने तो नाडीने आवळला आणि माघारी वळला. उतारावर माझाही तळवा सुटला. ओल्या दगडावरून त्याचा पाय सटकला आणि तो घळीत कोसळला. घोटा मोडला. फोनला रेंज नव्हती. तो आधी हाका मारत होता, मग रंजनीचं नाव घेत होता, मग नुसता कुडकुडत राहिला. त्याचा पाय माझ्यात गार पडत गेला आणि मला काहीही करता आलं नाही. शोधायला माणसं आली तेव्हा फार उशीर झाला होता.

त्याच्या सामानाबरोबर मी अण्णा नगरला परत आलो. रंजनीने मला हातात घेतलं. माझ्या टाचेशी जे काही उरलं होतं, त्यावर अंगठा दाबला, तसा काळा भुगा तिच्या ओंजळीत पडला. तिला सगळं समजलं.

आतल्या खोलीतून कमलिनीबाईंनी विचारलं, "त्याचे बूट आले का गं? धड आहेत ना? मी किती जपले होते."

"हो, आई. चांगले आहेत," रंजनी म्हणाली, आणि तो भुगा तिने ओढणीच्या टोकात बांधून टाकला.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू अशी जपून ठेवली असेल तर ती बाहेर काढा, वापरा. दूर नेण्याआधी चार दिवस घालून बघा. वापरल्याने आम्ही झिजतो, पण झीज निदान दिसते तरी. एवढं माझं ऐका. आणि कधी अण्णा नगरला आलात, तर कमलिनीबाईंना यातलं काही सांगू नका.