धाकट्याचा ठोका

वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस चांगदेव यांची पिकअप टोमॅटोची असते आणि एक दिवस माणसांची. तो दिवस दिवाळीच्या पाडव्याचा. पिंपळवंडीत कुणीही सांगेल की पाडव्याला हा माणूस माल तोडणार नाही, मग बाजारात भाव आभाळाला टेकलेला का असेना. पहाटे गाडी धुवायची, बोनेटला झेंडूची माळ घालायची, मागच्या हौद्यात क्रेटऐवजी सतरंजी टाकायची आणि बायकोपोरांना घेऊन निघायचं. कुठं, ते ठरवायचं नाही. ते फाट्यावर ठरतं.

या फाट्यांचाही एक कायदा होता. बावीस वर्षांपूर्वी गाडी नवी असताना नारायणगावच्या चौकात चांगदेव आणि सारजाबाई यांची जुंपली होती. त्यांना सरळ जायचं होतं, बाईंना जुन्नरला. मागून येणाऱ्यांनी भोंगे वाजवून कान किटवले तरी दोघांतलं कुणी हटेना. शेवटी हौद्यात बसलेल्या चार वर्षांच्या आदेशनं कंटाळून केबिनच्या टपावर वाटी आपटली, दोनदा. चांगदेव म्हणाले, "दोनदा म्हंजी उजवीकडं," आणि गाडी जुन्नरला वळवली. दोघांचीही अब्रू वाचली. तेव्हापासून ठरलं ते ठरलं. एक ठोका डावीकडं, दोन उजवीकडं, तीन सरळ. ठोका गाडीतल्या सगळ्यात धाकट्यानं द्यायचा आणि ठोका पडेपर्यंत गाडी हलवायची नाही. बावीस वर्षं आदेशच धाकटा राहिला, आणि त्यानं इमानेइतबारे दर वर्षी जिथं भजी चांगली मिळतात तिथंच सगळ्यांना नेलं.

यंदा मात्र धाकटी श्रेया होती.

श्रेयाचं आदेशशी लग्न होऊन नऊ महिने झाले होते. रजिस्टर लग्न, दोन मित्र साक्षीला आणि चौकातले पेढे. तिचे वडील ज्ञानेश्वर, घोडेगावला मंचर रस्त्यावरचे गॅरेजवाले मेस्त्री. त्यांनी तिचं लग्न मंचरच्या एका मित्राच्या मुलाशी ठरवत आणलं होतं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. श्रेयानं आदेशचं नाव घरात सांगायला तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा मिटलं. चौथ्यांदा सांगितलं ते लग्न झाल्यावर, फोनवरून. पलीकडून वडील, म्हणजे आप्पा, एवढंच म्हणाले होते, "माझा शब्द खोटा पाडलास."

आणि आप्पांचा शब्द म्हणजे काय चीज, हे घोडेगावात कुणाला सांगायला नको. एकदा त्यांच्या सख्ख्या मेहुण्याची जीप विकायची होती. गिऱ्हाईक ती तपासायला नेमकं त्यांच्याकडंच घेऊन आलं. मेहुणा बाजूला उभा राहून डोळ्यांनी खुणा करतोय, आणि आप्पा गिऱ्हाइकाला सांगतायत, "क्लचप्लेट गेलीय. इंजिन आईल पितंय. मी असतो तर घेतली नसती." गिऱ्हाईक गेलं, आणि मेहुणा दोन वर्षं भाऊबीजेला आला नाही. श्रेयाच्या आईनं डोळ्याला पदर लावला तर आप्पा म्हणाले, "गाडी खोटं बोलत न्हाई, मग आपून कशाला बोलायचं?"

तर अशा माणसाचा शब्द तिनं खोटा पाडला होता. लग्नानंतर पहिली दिवाळी, जावयाचा दिवाळसण. गावात नव्या जावयांना आवतणं आली, अंगठ्यांची चर्चा झाली. पिंपळवंडीच्या या घरी कुणाचंही आवतण आलं नाही. आईचा, म्हणजे गोजरबाईंचा, फोन यायचा, पण चोरून. मागं गॅरेजमधल्या हवेच्या मशीनची धडधड चालू असेपर्यंत आई बोलायची. मशीन थांबली की फोन तुटायचा. परवाच्या फोनवर आई म्हणाली होती, "तू आलीस तर ते हाकलायचं न्हाईत गं. पन बोलवायचंबी न्हाईत." श्रेयानं ते वाक्य दोन दिवस मनात घोळवलं. न बोलावता जायचं आणि आप्पांनी सगळ्यांदेखत, सासू-सासऱ्यांदेखत, पाठ फिरवली तर? मग पुढं कधीच जाता येणार नाही. आज आशा तरी होती. ती उंबऱ्यावर जाऊन मोडून आणायची तिची छाती होत नव्हती.

म्हणून नारायणगावला तिनं दोन ठोके दिले, जुन्नर. जुन्नरला पुन्हा दोन, लेण्याद्री. सारजाबाईंचे गुडघे पायऱ्यांना राजी नव्हते. "मी हितनंच दिसते देवाला," म्हणत त्यांनी खालूनच हात जोडले आणि चिवड्याचा डबा उघडला. उरलेले तिघं वर जाऊन आले. गणपतीपुढं श्रेया इतका वेळ उभी राहिली की मामा, म्हणजे तिचे सासरे, म्हणाले, "बास की. त्यालाबी बाकीची गिऱ्हाइकं हायेत."

खाली येऊन परत जुन्नरला आल्यावर मात्र तिच्या हातानं घोडेगावच्या रस्त्याला ठोके दिले. का दिले, ते तिचं तिलाच कळलं नाही. आदेशनं तिच्याकडं पाहिलं.

"नुसतं गाव बघू," ती म्हणाली. "तिथून उजवीकडं वळू. डिंभ्याचं धरण भरलंय म्हणतात."

"बघू की," आदेश म्हणाला. तो मुलगा भला होता, पण नको तिथं गप्प आणि नको तिथं बोलका.

रस्ताभर वारा छान होता. भात पिवळं पडलं होतं, कुठं कुठं कापणी चालू होती. दारोदारी आकाशकंदील लटकत होते. श्रेयाला काहीच दिसत नव्हतं. तिला पुढचा फाटा दिसत होता. उजवीकडं डिंभे. डावीकडं मंचर रस्ता आणि अर्ध्या किलोमीटरवर आप्पांच्या गॅरेजचं निळं शटर.

घोडेगावचा फाटा आला. मामांनी गाडी थांबवली. ठोका पडला नाही.

थोडा वेळ गेला. मागून एसटी आली आणि भोंगा वाजवायला लागली. मामांनी खिडकीतून हात काढून तिला बाजूनं जायची खूण केली आणि सरळ इंजिन बंद केलं. दुचाकीवरून जाणारा एकजण ओरडला, "काय पावणं, बंद पडली का?" मामा म्हणाले, "गाडी न्हाई, सून बंद पडलीय." सारजाबाईंनी त्यांना कोपर मारलं, आणि मग मागच्या जाळीतून हळू आवाजात म्हणाल्या, "श्रेया, तुला वाटंल तसं कर बाय. आमाला दोन्ही रस्ते सारखेच."

दोन्ही रस्ते सारखे नव्हते, आणि हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं. नको, आज नको. पुढच्या वर्षी, कधीतरी, आप्पांचा राग उतरल्यावर. तिनं ठरवलं, डिंभे. दोन ठोके. तिनं हात उचलला आणि पहिला ठोका दिला.

दुसऱ्यासाठी हात वर गेला तोवर गाडी सुरू होऊन डावीकडं वळलीसुद्धा. हा माणूस एरवी ठोका पडल्यावर आरसा बघणार, मागं बघणार, बायकोला विचारणार आणि मग कुठं क्लच सोडणार. आज पिकअप अशी उसळली की आदेश सतरंजीवर आडवा झाला.

"मामा! थांबा! मला दोन द्यायचे होते!" श्रेया जाळीतून ओरडली.

"मला येकच ऐकू आला," मामा म्हणाले. "कायदा म्हंजी कायदा."

तिला राग आला, रडू आलं आणि पोटात कुठंतरी बरंही वाटलं. हे सगळं एका वेळी कसं वाटतं कोण जाणे. ती टपाला धरून उभी राहिली. निळं शटर जवळ येत गेलं आणि गाडी बरोबर त्याच्यापुढं थांबली.

मामा उतरले. उतरून त्यांनी बोनेट वर केलं, कपाळाला हात लावला आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अरारारा! तापली की राव!" आयुष्यात त्यांनी नाटकात काम केलेलं नव्हतं, ते लगेच कळत होतं.

शटर अर्धं खाली होतं. त्याच्याखालून वाकून आप्पा बाहेर आले. अंगात नवा पांढरा सदरा, हातात वर्तमानपत्र. त्यांनी आधी गाडी पाहिली. मग हौद्यात उभी असलेली मुलगी पाहिली. नऊ महिन्यांत त्यांच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते.

"आज गॅरेज बंद हाय भाऊ," ते मामांना म्हणाले. "पाडव्याला मी पान्याला हात लावत न्हाई."

"पान्याला नका लावू. पानी तर द्याल? गाडी तापलीय."

पाणी मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. आप्पा आत गेले आणि डबा भरून घेऊन आले. तेवढ्यात गॅरेजला लागूनच असलेल्या घराच्या दारात गोजरबाई येऊन उभ्या राहिल्या. पीठ लागलेले हात तसेच. त्यांनी लेकीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि चौकट घट्ट धरली.

"आमी आपल्या मनानं न्हाई आलो बरं का," मामा घाईनं सांगायला लागले. "तुमीबी बोलवलं न्हाई, ते खरंच हाय. आमच्या गाडीत पाडव्याला धाकट्याचा ठोका चालतो. तिनं येक ठोका दिला, मी वळलो. फाट्याफाट्यावर आमचं असंच असतंय. ह्यात कुनाचा मान न्हाई आन् कुनाचा अपमान न्हाई."

आप्पांनी बोनेटखाली डोकं घातलं. श्रेया हौद्यातून उतरून खाली उभी राहिली. रेडिएटरच्या पाण्याची बाटली तिला तिथूनही दिसत होती, वरच्या रेघेपर्यंत भरलेली. वाफ नाही, वास नाही, कुठं गळती नाही. गॅरेजमध्ये वाढलेली पोर ती. जे तिला दिसत होतं ते आप्पांना तर आंधळं होऊनही दिसलं असतं.

आप्पांनी पाण्याचा डबा तसाच खाली ठेवला. केबिनचं दार उघडून ते सारजाबाईंच्या शेजारी ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि किल्ली फिरवली. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा थरथरत वर आला आणि निम्म्याच्याही खाली येऊन थांबला. आप्पा त्या काट्याकडं बघत बसले. दाराशी उभी असलेली श्रेयाही बघत होती. आता ते म्हणतील, गाडीला काही झालेलं नाही, जावा. तेच म्हणणार. सख्ख्या मेहुण्यासाठी जो माणूस खोटं बोलला नाही, तो तिच्यासाठी कशाला बोलेल, जिनं त्याचाच शब्द खोटा पाडला?

"आप्पा," ती म्हणाली. "चुकलं माझं. आधी सांगायला पाहिजे होतं."

आप्पांनी मान वर केली नाही. काट्याकडंच बघत म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर मी मंचरला जाऊन शब्द परत घेतला असता. घेतला असता की न्हाई?" हे त्यांनी तिला विचारलं, का स्वतःला, का दारातल्या गोजरबाईंना, ते कळलं नाही. गोजरबाईंनी मात्र होकाराची मान हलवली.

मग आप्पांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि आपल्या नव्या सदऱ्याच्या खिशात टाकली. खाली उतरले, हात पुसले, घसा साफ केला.

"लई तापलीय," ते म्हणाले.

मामांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांना वाटत होतं आपली चोरी पकडली जाणार.

"पण काटा तर…" आदेशनं सुरुवात केली. श्रेयानं त्याच्या पायावर पाय दिला.

"निदान तासभर तरी बोनट उघडं ठेवावं लागंल," आप्पा रस्त्याकडं बघत म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचे होतात तसे. "तवर उन्हात उभं राहून काय करता? घरात चला पावणं. जावयबापू, तुमीबी."

गोजरबाई केव्हाच आत पळाल्या होत्या आणि भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन परत उंबऱ्याशी आल्या होत्या. लेकीजावयावरून त्यांनी तुकडा ओवाळून टाकला. सारजाबाई गुडघ्यावर हात ठेवत हळूहळू गाडीतून उतरल्या. मामा बोनेटवरची झेंडूची माळ उगाच सारखी करत राहिले.

श्रेया उंबऱ्याशी थांबली. आप्पा तिच्या मागंच होते.

"आप्पा, तासाभरात होईल ना गाडी गार?"

आप्पांनी खिशातली किल्ली चाचपली.

"तासाभरात?" ते म्हणाले. "छ्या. आज काय ती गार व्हत न्हाई. मुक्काम करावा लागंल."