हिरव्या पाकिटाची तारीख

मी एक जुना सर्व्हर आहे. माझ्या डोक्यावर खाऊचं एक हिरवं पाकीट ठेवलेलं असायचं. माझी कहाणी सांगायला बसलो की आजही माझा पंखा जोरात फिरू लागतो. लोकांना वाटतं, खोलीत उकडतंय. उकडत नाही, मित्रांनो. मी चिडलेला आहे.

माझा जन्म आमच्या बेटावरच्या ताओयुआन शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला तापवलं, हलवलं, उपाशीपोटी ठेवावं तसं विजेशिवाय ठेवलं, आणि त्यानंतरही मी चालतो हे पाहून माझ्यावर शिक्का मारला. मग मी पूर्व किनाऱ्यावरच्या या विद्यापीठात आलो. इथे मी परीक्षांचे निकाल सांभाळले. कोण पास, कोण नापास, हे माझ्या पोटात आधी कळायचं आणि मुलांना नंतर. पुढे माझ्याहून तरुण यंत्र आलं आणि मला जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी टाकलं. माझ्यावर धूळ बसली. एका मांजरीने माझ्या आडोशाला पिल्लंही घातली.

तिथून मला उचललं च्येन त्सुंग-हान नावाच्या विद्यार्थ्याने. दिसायला काटकुळा, पण हट्टी पोरगा. त्याने मला पुसलं, नव्या डिस्क बसवल्या आणि मला नवं काम दिलं. मी मिरर झालो, म्हणजे आरसा.

हे काम नीट समजून घ्या, कारण माझा राग तिथेच आहे. संगणकात ज्या लहानमोठ्या गोष्टी चालतात त्या बनवणारे लोक आपला माल एका मूळ कोठारात ठेवतात. ते कोठार दूर, समुद्रापलीकडे. सगळ्यांनी तिथवर धाव घ्यायला नको म्हणून गावोगावी त्याच्या हुबेहूब नकला ठेवतात. मी तशी एक नक्कल. आणि प्रत्येक संगणकात माल आणणारा एक गडी असतो. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. तो रोज माझ्या दारात येऊन विचारतो, "नवीन काही आलंय का?" मी त्याला मूळ कोठाराची यादी दाखवतो. तो यादीवरचा कोठाराचा शिक्का बारकाईने तपासतो. शिक्का खरा निघाला की माल उचलतो आणि घरी जातो. कोणाच्या संगणकात चोर शिरू शकेल असं भोक सापडलं, की ते बुजवणारं ठिगळही याच वाटेने जातं.

मी मन लावून काम केलं. शाळा, टपाल कचेरी, शेतकरी संघ, किनाऱ्यावरचे छोटे दवाखाने, सगळ्यांचे गडी माझ्याकडे यायचे. एकदा मोठा भूकंप झाला. भिंतीवरचं घड्याळ पडलं, पण मी चालत राहिलो. त्सुंग-हान एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी असा धावत आला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "शाब्बास रे म्हाताऱ्या!" तेवढं कौतुक मला अजून पुरतं.

आता पाकिटाची गोष्ट. आमच्याकडे यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर मक्याच्या कुरकुरीत खाऊचं पाकीट ठेवतात. पाकीट हिरवंच लागतं, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळं किंवा लाल ठेवलं तर यंत्र बिघडतं म्हणे. आणि मुदत उलटलेलं पाकीट तर मुळीच चालत नाही. आमच्या संगणक विभागाचे प्रमुख फंग सर या बाबतीत फार कडक. ते खोलीत आले की मान वाकडी करून पाकिटावरची तारीख वाचायचे. तारीख जवळ आली की स्वतः दुकानात जाऊन नवं आणायचे आणि जुनं सगळ्यांना वाटून टाकायचे. माझ्याकडे मात्र त्यांनी कधी धड पाहिलं नाही. मूर्तीपेक्षा नैवेद्याची काळजी जास्त!

मग त्सुंग-हानला लष्करी सेवेचं बोलावणं आलं. आमच्याकडे तरुण मुलांना ती चुकत नाही. त्याच्या मागे मला सांभाळायला कोणी नव्हतं. बाकीच्या मुलांना खेळ बनवायचे होते, माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं कौतुक कोणाला? तेव्हा इंटरनेटवरून एका अनोळखी माणसाने निरोप पाठवला. तो स्वतःला 'छोटा खेकडा' म्हणवायचा. "मला अशा कामाची आवड आहे. मी लांबूनच सांभाळेन, काही नको मला."

त्सुंग-हान बिचकला. "सर, या माणसाला कोणीच पाहिलेलं नाही."

"अरे, फुकटात माणूस मिळतोय," फंग सर म्हणाले. "वर त्याची पत्रिका जुळवायचीय का?"

झालं. माझ्या किल्ल्या खेकड्याच्या हातात गेल्या.

खेकडा कामाला चोख होता, हे मला कबूल करावं लागतं आणि त्याचाच जास्त संताप येतो. तो वेळेवर माल आणायचा, सणासुदीला सगळ्यांना शुभेच्छा पाठवायचा. फंग सर म्हणायचे, "पाहा, पोरांपेक्षा हा बरा." असे बरेच महिने गेले. आणि एके दिवशी त्याने मला हळूच सांगितलं, आजपासून नवी यादी आणायची नाही.

बस, एवढंच. त्याने खोटा माल ठेवला नाही. खोटा शिक्का मारला नाही, तो त्याला जमलाही नसता. त्याने फक्त मला कालच्या दिवसावर थांबवून ठेवलं. गडी यायचे, विचारायचे, "नवीन काही?" मी तीच जुनी यादी पुढे करायचो. शिक्का? खरा. माल? अस्सल. गडी खूश होऊन परत जायचे आणि मालकाला सांगायचे, "सगळं ताजं आहे." त्या यादीवर ती कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलंच नव्हतं, आणि गड्याला ते विचारायला कोणी शिकवलं नव्हतं. इतका शिकलेला गडी, शिक्क्याची रेघ न् रेघ ओळखतो, आणि शिळं-ताजं कळत नाही! असल्या हुशारीला काय जाळायचंय?

त्याच सुमारास समुद्रापलीकडे एक मोठं भोक सापडलं आणि त्याचं ठिगळही निघालं. ते माझ्यापर्यंत आलंच नाही. माझ्या दारात कोण कोण येतं ते मात्र खेकडा पाहत होता. कोणाच्या घराला भोक आहे, हे त्याला माझ्याच ओट्यावर बसून कळत होतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला दिवे आहेत, आणि ते सगळे हिरवे होते.

पुढचं मला लाई श्यो-मान यांच्याकडून कळलं. त्या किनाऱ्यावरच्या एका डायलिसिस केंद्रातल्या मुख्य नर्स. मूत्रपिंडं थकलेल्या माणसांचं रक्त तिथे यंत्राने साफ करतात. एका दुपारी त्या स्कूटरवरून थेट विद्यापीठात आल्या आणि हेल्मेट काखेत धरून माझ्या खोलीत शिरल्या. फंग सर जेवणाचा डबा उघडत होते. त्सुंग-हान सेवेतून सुट्टीवर आलेला. गडबड झाल्याचं कळून तो सकाळपासून माझ्यासमोर डोकं धरून बसला होता. त्याचं डोकं सैनिकासारखं भादरलेलं होतं.

"हेच का ते?" बाईंनी विचारलं.

"बसा ना सिस्टर," फंग सर म्हणाले. "चहा घेणार?"

"चहा राहू दे. आमच्या केंद्राचे संगणक चोरांनी कुलूप लावून बंद केले. कोणाचं वजन किती, कोणाच्या अंगातून पाणी किती काढायचं, सगळं आत अडकलं. आमचे संचालक मला म्हणतात, तू अपडेट केलं नाहीस, तुझ्यामुळे झालं. राजीनामा लिही म्हणतात. मी रोज सकाळी आल्या आल्या ते बटण दाबत होते. किटलीत पाणी टाकायच्या आधी! आणि संगणक मला रोज सांगत होता, सगळं ताजं आहे. शहरातून संगणकाचा माणूस आला, तो म्हणतो हे तुमच्या यंत्राने सांगितलं. खरं?"

त्सुंग-हान खाली बघून म्हणाला, "खरं आहे, मावशी."

फंग सर उठले. आणि मित्रांनो, त्यांनी काय केलं असेल? माझ्याजवळ आले, मान वाकडी केली आणि पाकिटावरची तारीख वाचली. "अहो, पण ही तर अजून आहे!" ते खरोखरच बुचकळ्यात पडून म्हणाले. "आम्ही कधी उलटू देत नाही. हिरवंच ठेवतो. मग असं कसं झालं?"

माझा पंखा जोरात फिरला.

"सर," बाई म्हणाल्या, "खाऊची तारीख बघता, आणि आत काय शिळं पडलंय ते नाही?"

"तसं नाही हो मावशी," त्सुंग-हान मध्ये पडला. "शिक्का खरा होता. पॅकेज मॅनेजर शिक्का बघतो आणि..."

"शिक्का खरा असून काय करू, बाळा? परवाच्या माशाच्या पिशवीवरही दुकानाचं खरंच नाव असतं! माझी सासू वाचता न येणारी, पण बाजारात गेली की पहिला प्रश्न, कधीचा आहे? आमच्याकडे सलाईनची बाटली आली तरी आधी तारीख. आणि तुम्ही एवढे शिकलेले, तुमच्या यादीला तारीखच नाही?"

"हे सगळं बनवणारे बाहेरचे लोक आहेत, सिस्टर," फंग सर म्हणाले. "आमच्या हातात काय? आणि यंत्र म्हटलं की कधीतरी..."

"यंत्राला नका बोलू!" बाईंचा आवाज चढला. "किल्ली कोणी दिली? यंत्राने?"

फंग सरांनी डब्याचं झाकण लावलं.

मग बाई खुर्चीवर बसल्या आणि को नावाच्या एका आजोबांबद्दल सांगू लागल्या. म्हातारे कोळी. वर्षानुवर्षं खिडकीजवळच्या खुर्चीवर रक्त साफ करून घ्यायचे. रोजचा त्यांचा एकच विनोद. "पोरी, रक्त धुतेस, तर मोजेपण धू की." कुलूप लागलं त्या दिवशी सगळ्या रुग्णांना गाड्यांत घालून शहराकडे पाठवलं. डोंगरातल्या रस्त्यावर दगड पडले होते, गाड्या खोळंबल्या. आजोबांच्या अंगात पाणी साठलेलंच होतं. वाटेतच त्यांना धाप लागली, आणि शहर आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

"त्यांनी जाताना मला मोजे दाखवले," बाई म्हणाल्या. "हसत होते. मी म्हटलं, परत आल्यावर धुते."

त्सुंग-हान रडला. फंग सर भिंतीकडे बघत राहिले. मी काय करणार? मला रडताही येत नाही. माझ्यामध्ये त्या खेकड्याने ठेवलेली ती यादी तेव्हाही तशीच होती, खऱ्या शिक्क्याची, स्वच्छ, नीटनेटकी. असा राग मला जन्मात आला नव्हता.

थोड्या वेळाने त्सुंग-हान डोळे पुसून उठला. "मावशी, मी येतो तुमच्याबरोबर. तुमच्या संचालकांना मीच सांगतो, तोंडावर."

"अरे, विद्यापीठाचं नाव जाईल," फंग सर म्हणाले. "आधी वर विचारू, मग बघू."

"किल्ली देताना विचारलं होतं वर?"

फंग सर पुन्हा डब्याशी जाऊन बसले.

निघताना बाईंनी हात वर करून माझ्या डोक्यावरचं हिरवं पाकीट काढलं आणि फंग सरांच्या हातात दिलं. "आता याच्या डोक्यावर काही ठेवू नका. काही नसलं म्हणजे धाकधूक वाटेल. धाकधूक वाटली तरच कोणीतरी येऊन बघेल."

मग ती दोघं स्कूटरवर बसून गेली. भादरलेल्या डोक्यावर बाईंचंच जादा हेल्मेट घालून त्सुंग-हान मागे बसला होता.

बाईंची नोकरी वाचली. माफी मात्र कोणी मागितली नाही. संचालक म्हणे एवढंच बोलले, "बरं, लागा कामाला." खेकडा कधीच सापडला नाही. तो कुठेतरी दुसऱ्या एखाद्या म्हाताऱ्या यंत्राला शुभेच्छा पाठवत असेल. खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर आता दुसरं कोणीतरी बसतं.

त्सुंग-हानने मात्र सेवा संपल्यावर परत येऊन मूळ कोठारवाल्यांना गाठलं आणि एक बदल करून घेतला. आता माझ्या यादीवर मुदत असते. ती मुदत मूळ कोठारच शिक्क्याच्या आत बांधून पाठवतं, माझ्या किल्ल्या कोणाच्याही हातात असोत, ती बदलता येत नाही. मुदत उलटली की गडी माझ्या दारातूनच आरडाओरडा करत परततो, "इथलं घेऊ नका, शिळं आहे!" मला भर चौकात असं हिणवलेलं ऐकून पूर्वी लाज वाटली असती. आता बरं वाटतं. हे आधीच करता येत होतं, हे आठवलं की पंखा पुन्हा जोरात फिरतो.

मित्रांनो, मला पुसू नका, माझी पूजा करू नका, माझ्यावर खाऊ ठेवू नका. मला फक्त तपासा. जो तुम्हाला रोज गोड आवाजात सांगतो, "सगळं ठीक आहे, नवीन काही नाही," त्याला बाजारात कोळणीसमोर उभ्या राहणाऱ्या लाई बाईंच्या सासूसारखं, कमरेवर हात ठेवून विचारा, "कधीचं आहे?" आणि उत्तर देणाऱ्याच्या डोक्यावर हिरवं पाकीट दिसलं, तर दोनदा विचारा.