खळ घातलेले पंख

जोएल पिमने बनवलेल्या, वाफेवर चालणाऱ्या यंत्राच्या पाखराला उडायला शनिवारची दुपार तेवढी उरली होती. ते उडवायची जागा म्हणजे लेसच्या गिरणीतलं लांबलचक रिकामं दालन; सोमवारी तिथे नवी यंत्रं बसणार होती, आणि बाहेरच्या वाऱ्यात दहा फुटी पंखांचं ते नाजूक प्रकरण टिकलं नसतं. आज जमलं नाही तर बॉयलर मोडून बायकोला चहाची किटली करून देईन, अशी शपथ त्याने चारचौघांत घेतली होती. केझियाला किटली नको होती. सात वर्षं इंजिनापायी येडा झालेला नवरा तिला तसाच हवा होता.

सकाळी तिने पंखांचं सैल, लोंबतं रेशीम पाहिलं आणि तिला राहवेना. ती गिरणीत लेसला खळ देणारी बाई. त्या गावात खळ दिल्याशिवाय रुमालसुद्धा घराबाहेर पडत नसे. जोएल कोळसा आणायला जाताच तिने दोन्ही पंखांना खळ चोपडली आणि वारा घालून वाळवली. पंख पापडासारखे कडक झाले.

दालनाच्या टोकाला क्रॉक मुकादम मजा बघायला खुर्ची टाकून बसला होता. या पाखराआधी कोंबडीच उडेल, असं तो सगळ्यांना सांगून चुकला होता.

पाखरू फुसफुसत दालनात ताणलेल्या तारेवरून निघालं. उचल मिळाली तरच तारेचा आकडा सुटायचा, आणि आजवर तो एकदाही सुटला नव्हता. आज सुटला. पाखरू चक्क वर गेलं! केझिया घागरा सावरत, खिदळत त्याच्यामागे धावली. पण वाफेने खळ भिजली, डावा पंख फडक्यासारखा लोंबला, आणि पाखरू थेट क्रॉकच्या मांडीवर जाऊन बसलं. क्रॉक खुर्चीसकट उलथला.

"पडलं," पोळलेली मांडी चोळत तो म्हणाला.

केझियाने भिजलेला पंख उचलून धरला. "चूक माझी आहे, जोएल. वाफेनं खळ मऊ पडते, हे मला नको का कळायला?"

आकडा सुटला तिथपासून जोएल पावलं मोजत येत होता. चौतीस भरली.

"पडायला आधी वर जावं लागतं, मुकादम," तो म्हणाला. "सात वर्षांत आज पहिल्यांदा पडलं."

त्याने केझियाला कमरेला धरून गरकन फिरवलं. उजेड आहे तोवर खळ धुऊन काढ, रेशीम ताणून बांधू आणि पुन्हा उडवू, म्हणाला.

"आणि किटली?" क्रॉकने विचारलं.

"चहा तुम्ही घरी जाऊन प्या," केझिया म्हणाली आणि बाह्या सरसावून पाणी आणायला पळाली.