डावा कान

मी बोलतेय ती एक काच आहे. खिडकीची नव्हे, आरशाची तर नव्हेच. पूर्वी फोटो माझ्यासारख्या काचेवर उतरत. एका अंगाने मी गुळगुळीत, दुसऱ्या अंगावर पातळ लेप, आणि सगळं चित्र त्या लेपात. माझ्यात काळ्याचं पांढरं दिसतं नि पांढऱ्याचं काळं, म्हणून मला बघून कुणी खूश होत नाही. कागदावर छापलं की मगच माझी किंमत कळते.

लढाईला निघालेले चार जण स्टुडिओत आले, तेव्हा मी कॅमेऱ्यात बसले. कडेच्या तरुणाच्या डाव्या कानाची पाळी तुटकी होती. लहानपणी बकरीने चावली म्हणे. फोटोग्राफरने त्याला मान जरा वळवायला सांगितली.

"राहू द्या," तो म्हणाला. "घरी पोर होणार आहे. मी नाही आलो तर ते यावरूनच ओळखेल मला."

बाकीचे तिघे हसले. फोटोग्राफर मात्र हसला नाही. प्रत न्यायला चौघांपैकी कुणीच आलं नाही आणि त्यांच्या घरच्यांना असा फोटो आहे याचा पत्ताच नव्हता.

फोटोग्राफर गेल्यावर त्याच्या मुलांनी माझ्या कितीतरी बहिणींना गरम पाण्यात खरवडून कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं. त्यांच्यातली माणसं मोरीतून वाहून गेली. मी पेटीच्या तळाशी होते, म्हणून वाचले. ओलीने माझा लेप तेवढा कडेने सुटत गेला.

मग संग्रहालयातल्या ताई आल्या. कामावर नव्या, पण हाताने फार हळुवार. माझी नवी प्रत छापताना त्यांना वाटलं, कागद घासून लेप आणखी निघेल. म्हणून त्यांनी माझी गुळगुळीत बाजू कागदाला लावली. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच! चित्र उलटं छापलं गेलं, डाव्याचं उजवं झालं. मी टाहो फोडला असता, पण काचेला तोंड कुठलं?

लढाईत गेलेल्यांच्या घरच्यांना ताईंनी निरोप धाडले, तेव्हा ती प्रत बघायला एक म्हाताऱ्या बाई आल्या, सोबत त्यांची लेक. बाईंनी वडिलांना कधी पाहिलंच नव्हतं. ताई चहा आणायला आत गेल्या. मी तिथंच टेबलावर पडून होते.

"आई, नाक बघ, अगदी तुझंच," लेक म्हणाली.

"नाकं काय, कुणाचीही कुणासारखी असतात. माझी आई डावा कान सांगायची. याचा उजवा तुटलाय."

"आजीची चूक झाली असेल."

"स्वतःच्या नवऱ्याचा कान चुकेल होय ती?"

अहो बाई, मला उचला, गुळगुळीत बाजूने उजेडात बघा! शेजारीच तर आहे मी! माझा जीव नुसता तळमळत होता. ताई चहा घेऊन आल्या, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "यात माझे बाबा नाहीत." ताईंचा चेहरा उतरला. जखमेवर मीठ नको म्हणून त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

दारात बाई थांबल्या. "माझे नसले तरी कुणाचे तरी बाबा आहेत ते. नीट सांभाळा हं."

ताईंनी बाईंचा शब्द पाळला. मऊ कागदात गुंडाळून त्यांनी मला कोरड्या पेटीत ठेवलंय. ओल नाही, धूळ नाही. मी आता खूप वर्षं टिकेन म्हणतात.

वाचकहो, ही पेटी कुणी उघडलीत, तर माझी लेपाची बाजू कागदाला लावा. आणि जरा लवकर उघडा. बाई काठी टेकत आल्या होत्या.