तीन दुखण्यांची एक वाटी

मी वाटी बोलतेय. काशाची, ओंजळीत मावेल एवढी. पितळेची समजू नका, मला राग येतो. पितळेला कल्हई लागते, मला लागत नाही. आणि टिचकी मारून बघा, देवळातली घंटा गप्प बसेल असा आवाज आहे माझा. असो. या वयात आपल्या रूपाचं फार बोलू नये.

कल्याणच्या बाजारातून गोदूबाईनं मला घेतलं, ती नवी नवरी होती तेव्हा. तिच्याबरोबर मी माजिवड्याला आले. पुढे भातखाचरं, मागे खाडी आणि दिवेलागणीला डासांची ही गर्दी! गावात हिवताप माहीत नाही असं घर नव्हतं. पोरं दात येण्याआधी तापानं फणफणायची. त्यातली काही जायची, उरायची ती हाडापेराची घट्ट व्हायची.

घरात दुखणं आलं की माझी आठवण. ताप चढला की तळव्याला तूप लावून मला घासायचं. कावीळ झाली की धाकू भगताकडे मला न्यायचं. अशक्त माणसाला पेज पाजायची तीही माझ्यातूनच.

प्लेगचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, त्या सुमाराची गोष्ट. गोदूबाईच्या विश्रामचं लग्न झालं आणि तुळसा घरात आली. घाटावरची पोर, उंचनिंच, हसरी. सासूसुनेचं कधी वाजलंच नाही असं खोटं कशाला सांगू? ताक आंबट झालं म्हणून दोघींनी माझ्यादेखत अबोला धरला होता. पण दुसऱ्या कुणी तुळसाला नाव ठेवलं की गोदूबाई पदर खोचून उभी राहायची. गोदूबाईची लेक लहानपणीच गेली होती, तिची जागा या पोरीनं न विचारता घेतली.

तुळसाला दिवस गेले, आणि पाऊस सरता सरता तिला थंडी भरली. अशी की घोंगड्यावर घोंगडी घातली तरी दात वाजायचे थांबेनात. मग आगीसारखा ताप, मग घाम, मग झोप. एक दिवस बरा जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गाव म्हणालं, घाटावरच्या पोरीला इकडचं पाणी लागलं, होईल सवय. गोदूबाई तिचे पाय मांडीवर घेऊन मला घासत बसायची. मी काळी पडायची, आणि बायका म्हणायच्या, बघा, उष्णता निघाली. अहो, तूप लावून कुणाच्याही तळव्यावर घासा, मी काळीच पडते! पण माझं कोण ऐकतो?

मग डोळे पिवळे झाले, लघवी चहाच्या काढ्यासारखी होऊ लागली. कावीळ, दुसरं काय. धाकू भगतानं तिच्या हाताला कसल्याशा सालीचा रस चोळला, माझ्यातल्या चुन्याच्या पाण्यात हात धुतले. पाणी पिवळंधमक, म्हणे कावीळ उतरली. माणूस मनाचा वाईट नव्हता, तळमळीनं करायचा. पण पथ्य असं सांगितलं की मीठ बंद, तेल बंद, सुकट-बोंबील बंद. नुसती आळणी पेज.

आणि तुळसा पांढरी पडत चालली. ओठ, नखं, जिभेचा शेंडासुद्धा. चार पावलं चालली की भिंत धरायची. त्याचं उत्तर तर सगळ्यांकडे तयार होतं. पहिलटकरीण आहे, पोटातलं पोर आईचं रक्त पितं, तेज बाळाकडे गेलं.

अशी तीन दुखणी, आणि तिन्हींची तीन औषधं. कुणी कुणाशी बोलायचं नाही. तिन्ही माझ्याच पोटातून जात होती म्हणून मला दिसत होतं, पण वाटीला जीभ कुठे?

जीभ नाही, तरी मला उचलणारा हात एकच होता. एके सकाळी गोदूबाई मला राखेनं घासताना थांबली. काल तळव्यांना हीच, आज भगताकडे हीच, संध्याकाळी पेजेला हीच. माझ्याकडे बघतच राहिली. मग विश्रामला हाक मारून म्हणाली की थंडी वाजून गेली की दुसऱ्या दिवशी पोरीचे डोळे जास्त पिवळे आणि ओठ जास्त पांढरे असतात, हे मी आता कितीदा बघितलं, हे सगळं एकाच घरचं आहे, गाडी जुंप.

ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात मलाही नेलं, वाटेत पेज पाजायला. डॉक्टरांनी तुळसाच्या पापण्या उलटून पाहिल्या, डाव्या बरगडीखाली वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, चाचपली. गोदूबाईचं सगळं बोलणंही त्यांनी मधे न तोडता ऐकलं.

"बाई, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," ते म्हणाले. "हिवतापाचं बी रक्तातल्या तांबड्या कणांत शिरतं आणि ते कण फोडतं. कण फुटले की थंडी भरते. फुटल्या रक्ताचा पिवळेपणा डोळ्यांत उतरतो. आणि रक्तच उरत नाही, म्हणून ही अशी पांढरी पडली. औषध एकच, कोयनेल, क्विनीन म्हणतात ते."

कोयनेल म्हटल्यावर विश्रामचा चेहरा उतरला. ते उष्ण असतं, पोट पडतं, हे सगळा मुलूख जाणून होता. डॉक्टरांनीही थापा मारल्या नाहीत. धोका आहे, म्हणाले, पण ताप असाच राहिला तर दोन्ही जीव जातील.

पुडी घेऊन घरी आलो. विश्रामची आत्या दारातच बसलेली. ती म्हणाली, बायको काय, दुसरी मिळते, पण वंशाचा दिवा विझवू नका. विश्राम खाली मान घालून उभा. तुळसा आत गोधडीवर पडून सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता ही म्हातारी डगमगते की काय.

गोदूबाईनं पुडी माझ्यात सोडली, पाणी घातलं, बोटानं ढवळलं. आधी स्वतः चाखून बघितलं. तोंड असं वाकडं केलं की दुसऱ्या वेळी मी हसले असते. मग तुळसाचं डोकं मांडीवर घेतलं.

"आत्याबाई, बाळाला काय झालं तर?" तुळसानं सासूला विचारलं.

"नातू दुसरा येल," गोदूबाई म्हणाली. "तू दुसरी येशील का गो?"

तुळसा ढसाढसा रडली आणि रडत रडतच ते कडूजहर पिऊन टाकलं. दोघींची आसवं माझ्यात पडली, खोटं नाही सांगत.

पुढे रोज तेच. पथ्य मोडलं, सुकटीचं कालवण आलं. तरी थंडीची पाळी आली त्या दिवशी घरात कुणाला घास गेला नाही. दुपारी थंडी भरायची वेळ झाली. गोदूबाई सुनेचे पाय नुसते धरून बसली. तुळसाचे हात थोडे गार पडले, विश्रामनं घोंगडी पुढे ओढली. पण दात वाजले नाहीत. उन्हं कलली तशी तुळसा पोटाला हात लावून म्हणाली, "लाथ मारतंय." मग म्हणाली, भूक लागली.

मुलगी झाली. नखाएवढी, पण आवाज असा की आळी जागी व्हावी. बायका पाळण्याभोवती जमल्या. कुणी म्हणालं मुलगीच की गो, कुणी म्हणालं किती बारीक. गोदूबाई माझ्यात गरम पेज घेऊन त्या गर्दीतून वाट काढत आली. बाळाकडे तिनं अजून नीट पाहिलंही नव्हतं.

"सरा गो बाजूला," ती म्हणाली. "आधी तिच्या आईला खाऊ दे."

आता गोदूबाई नाही. माझा काठ एका जागी चिरलाय, टिचकी मारलीत तर खरखर ऐकू येईल. फळीवर असते मी, तुळसा अधूनमधून पुसते. तुमच्या घरी कुणी कुडकुडलं, पिवळं झालं, पांढरं पडलं, तर तीन दारं हिंडू नका. गाडी जुंपा आणि दवाखाना गाठा. आणि घरात कुणी दोन जिवांची असली, तर जी बोलू शकते तिलाही विचारा, बाळा, तू जेवलीस का?