बत्तिशीतला एक

दात पडला तेव्हा मॅच संपलेली होती, हे आधी नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच झाला.

शिट्टी वाजली होती. चार-तीन. बावीस वर्षांत पहिल्यांदाच संघ फायनलला गेला होता. त्याने काठी टाकली, हातमोजे टाकले, तोंडातलं रबरी कवच काढून मुठीत धरलं आणि चाकांवर उभ्याउभ्याच आ वासून ओरडला. तेवढ्यात समोरून गोलकीपर आला. पायांना हे एवढे पॅड, तोंडावर लोखंडी जाळी आणि पोटात बावीस वर्षांचं साठलेलं प्रेम. त्याने कडकडून मिठी मारली आणि जाळीची कड नेमकी वरच्या पुढच्या दातावर बसली.

"काय झालं?" गोलकीपरने विचारलं.

तो जीभ फिरवून बघत होता. चाळीस वर्षं जिथे जीभ अडायची, तिथून ती सरळ बाहेर येत होती.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही माझा खेळ बंद केलात."

गोलकीपर एरवी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून तो मास्तर. आणि ज्याचा दात पडला त्याला सगळे बत्तिशी म्हणतात. एक तर त्याचा धंदाच दात बनवण्याचा. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, हा आपल्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये बसून कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या घडवतो. दुसरं म्हणजे, एवढी वर्षं हा खेळ खेळूनही त्याचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. लीगमध्ये असा दुसरा माणूस दाखवा आणि बक्षीस घ्या.

कारण हा खेळ काही लेचापेचा नाही. एका रांगेत चाकं असलेले बूट घालून खेळायची हॉकी, आणि तीही धक्क्याची. बऱ्याच ठिकाणी धक्क्याला मनाई असते. इथे सहा संघांची लीग त्यासाठीच निघाली. एक जुनं गोदाम, त्यात प्लास्टिकच्या लाद्यांची गुळगुळीत जमीन, चारी बाजूंनी कमरेएवढ्या फळ्या. एका बाजूला चौघं आणि गोलकीपर. हातात काठी, खाली सुसाट पळणारी चकती. ज्याच्याकडे चकती, त्याला खांद्याने उडवायची मुभा. बर्फावर म्हणे माणूस कच्चकन थांबतो. चाकांवर तसं जमत नाही, वळसा घेतल्याशिवाय थांबता येत नाही. म्हणून धक्का देणाराही धक्क्याबरोबर जातो आणि दोघं मिळून फळीवर आदळतात. दुसऱ्याला पाडून आपण ऐटीत उभं राहायचं, ही सोय इथे नाही.

बत्तिशीचा संघ सगळ्यांत वयस्कर. बाकीचे त्यांना मामालोक म्हणत. पोरांच्या संघांसारखं पळणं त्यांना जमायचं नाही, मग त्यांनी आपली एक तऱ्हा काढली होती. चकती मिळाली की घाई करायची नाही. ती घेऊन आपल्याच गोलमागे जायचं, दोन वळसे घ्यायचे, समोरच्याचा जीव मेटाकुटीला आणायचा. शेवटी तो वैतागून मान खाली घालून धावत येतो. तिथे बत्तिशी उभा असतो. गुडघे वाकवून, खांदा आत घेऊन, देवळाच्या खांबासारखा गप्प. रविवारी त्याने ज्याचा दात पाडला, तो बुधवारी त्याच्याच लॅबमधला दात बसवून यायचा. "पाडायचे पण तुम्हीच आणि बसवायचे पण तुम्हीच," पोरं म्हणायची. "दुसऱ्या कुणी बसवलेला तुम्हाला चालला असता का?" हा विचारायचा, आणि ते खरंच होतं. हात होता त्याला.

आता संसाराची गोष्ट. बायको पूर्वी एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली. खेळा, माझी ना नाही. पण ज्या दिवशी तुमचा एक दात पडेल, त्या दिवशी खेळ बंद. त्याने हसत हसत शब्द दिला. पंचविशीतला माणूस, त्याला वाटलं बत्तीस म्हणजे पुष्कळ. मग मात्र त्याने स्वतःसाठी रबरी कवच घडवलं, दर वर्षी नवं, आणि मॅचमध्ये ते कधी काढलं नाही. पाणीसुद्धा कडेने प्यायचा. आणि गेला कशात? मिठीत.

"मॅच संपली होती," मास्तर गाडीत म्हणाला. "म्हणजे नियमाप्रमाणे दात खेळात पडलाच नाही."

"हे तुम्ही तिला सांगा."

"मी नाही बाबा सांगत," मास्तर म्हणाला.

डॉक्टरांनी सुट्टी असून दवाखाना उघडला. दात हिरडीशी तुटला होता, मूळ आतच होतं. त्यांनी वर औषध भरलं आणि म्हणाले, पुढचं तुम्हाला मी काय सांगणार. दुपारचे दोन वाजले होते. बायको बहिणीकडे गेली होती ती संध्याकाळी येणार होती. लॅबची किल्ली खिशात होती. पुढच्या रविवारी फायनल होती.

सांगून टाकावं, असं त्याला वाटलं नाही असं नाही. पण बावीस वर्षं आणि एक रविवार. त्या एका रविवारासाठी माणूस काय काय करतो.

कवचासाठी घेतलेला स्वतःच्याच जबड्याचा प्लास्टरचा साचा फळीवर होता. त्याने त्यावरचा तो दात कानशीने घासून काढला. टाळूला बसेल अशी गुलाबी पट्टी घडवली, तिला तारेची आकडी केली, तयार दातांतला एक निवडून, घासून, वळवून त्यात बसवला. शेजारच्या दातावर त्याचा जरासा चढलेला कोपरा होता, तोसुद्धा हुबेहूब आणला. साडेपाचला आरशात बघितलं. आतला कारागीर खूश झाला. नवऱ्याला मात्र आरशात फार वेळ बघवलं नाही.

संध्याकाळी ती आली. बहिणीकडच्या गोष्टी सांगत राहिली, हा हूं हूं करत राहिला. जेवणं झाली. तिने त्याच्यापुढे रोजच्यासारखं एक अख्खं सफरचंद ठेवलं. रोज तो ते कचाकच चावून खायचा, तेवढीच त्याची ऐट. आज तो उठला आणि सुरी घेऊन आला.

"सुरी कशाला?" तिने विचारलं.

"पुसायला बरी पडते," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळेना.

"जिंकलात ना आज?"

"हो. चार-तीन."

"मग तोंड असं का? हसा की जरा."

तो हसला. ओठ न उघडता जेवढं हसता येतं तेवढं. तिने पुढे काही विचारलं नाही, ताटं उचलून आत गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याचं झालं. तिने भांडं जरा जोरात ठेवलं तरी हा दचकायचा.

सोमवार गेला, मंगळवार गेला. दोघं लॅबमध्ये शेजारी बसून काम करत होती. तिचं काम रंगाचं. डॉक्टरांनी पाठवलेल्या दाताला कुठला पांढरा, कुठला पिवळा, कडेला किती झाक, हे ती खिडकीशी बसून ठरवायची. त्याला ते कधीच जमलं नाही. आकार बघावा त्याने आणि रंग बघावा तिने, अशी पहिल्यापासूनची वाटणी. ती मान वर करून त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. सुटलो, असं त्याला वाटायला लागलं, आणि का कोण जाणे, सुटल्याचं सुख काही लागेना.

बुधवारी सकाळी त्याने कामाचे ट्रे समोर ओढले. प्रत्येक ट्रेवर एक कार्ड असतं: पेशंट, दात, रंग, द्यायची तारीख. चौथ्या ट्रेमध्ये त्याच्याच जबड्याचा साचा होता, कानशीने घासलेला. वरचं कार्ड तिच्या अक्षरात होतं.

पेशंट: घरचे. दात: वरचा, पुढचा, डावा. रंग: ए-साडेतीन, कडेला किंचित करडा. द्यायची तारीख: सोमवार.

त्याने ते दोनदा वाचलं. ती खिडकीशी पाठमोरी बसून एक टोपी रंगवत होती.

"कधी कळलं?" त्याने विचारलं.

"रविवारीच. दारातून आत आले तेव्हा." तिने ब्रश पुसला. "ए-वन लावलात तुम्ही, पांढराशुभ्र. ट्यूबलाइटखाली निवडला असणार. सगळ्या तोंडात एकटाच लग्नाला निघाल्यासारखा दिसतोय."

"मॅच संपल्यावर पडला गं. मास्तरने मिठी मारली. खेळात नाही पडला."

"शब्द देताना खेळात पडला तर, असं म्हणाला होतात?"

त्याने हातातलं कार्ड उलटसुलट केलं.

"पडला तर, असं होतं."

"हो," तो म्हणाला. "चुकलं माझं. सांगायला हवं होतं."

"दाताचं नाही मला काही," ती म्हणाली. आता ती त्याच्याकडे वळली होती. "दवाखान्यात होते तेव्हा तुमच्या लीगची मुलं यायची. तोंडाला रुमाल, आणि वर हसायची. दात काय, दिसतो. पडला की कळतं. डोकं आतून हललं, पाठ गेली, गुडघा गेला, तर ते मला कोण सांगणार होतं? तुम्ही? तुम्ही तर दातसुद्धा सांगितला नाहीत. कुठेतरी रेघ मारायला हवी होती, म्हणून मोजता येईल असं काहीतरी धरलं मी."

बावीस वर्षं त्याला वाटत होतं की हिला दातांची हौस. त्याला एकदम भरून आलं.

"मग रविवारी मी जात नाही," तो म्हणाला.

"तारीख वाचा," ती म्हणाली. "काय लिहिलंय?"

"सोमवार."

"मग? दात अजून गेलेला नाही. काम पूर्ण करून दिलं की मगच गेला असं म्हणायचं. आमच्या दवाखान्यात तशीच नोंद असायची."

अशी नोंद जगातल्या कुठल्याही दवाखान्यात होत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने कार्ड परत ट्रेमध्ये ठेवलं, नीट, सरळ.

रविवारी ती गोदामात आली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. फळीमागच्या पहिल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. मैदानात उतरण्याआधी तो घरंगळत तिच्याजवळ आला, तोंडातून ती गुलाबी पट्टी काढली, रुमालात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली.

"सांभाळ."

"शी," ती म्हणाली, आणि पर्समध्ये ठेवली.

समोर पोरांचा संघ, लीगमधला सगळ्यांत चपळ. चकती पोरांच्या काठ्यांवर टेकतेय न टेकतेय तोच पुढच्याकडे जायची. मामालोक आपल्या तऱ्हेने खेळत राहिले. गोलमागे वळसे, पुन्हा वळसे. पोरं वैतागली, मान खाली घालून आली, आणि दर वेळी तिथे खांदा होता. अर्ध्या वेळेला तीन-तीन. शेवटी चार मिनिटं राहिली असताना त्यांचा सगळ्यात जोरकस गडी मधून सुसाट निघाला. बत्तिशीने गुडघे वाकवले. धक्का असा बसला की दोघं एकमेकांना धरून पार फळीपर्यंत गेले, नेमके तिच्या समोर. फळी दणाणली. ती उभी राहिली होती, तोंडावर हात.

तो उठला, आधी त्या पोराला हात देऊन उठवलं, मग तिच्याकडे बघून मान हलवली: डोकं ठीक, पाठ ठीक. ती खाली बसली.

पण चकती निसटून दुसऱ्याकडे गेली होती, आणि मास्तरच्या डाव्या पॅडखालून ती आत गेली. चार-तीन. पुढे काही झालं नाही. शिट्टी वाजली. कप पोरांनी नेला.

मग दोन्ही संघ रांगेत उभे राहून हात मिळवू लागले. बत्तिशीने तोंडातलं कवच काढलं आणि पुढे सरकला. समोरचा एकेक जण जिंकल्याच्या आनंदात तोंडभर हसत होता आणि याची नजर सवयीने प्रत्येकाच्या तोंडात जात होती. हा आपला. हेही दोन आपले. या टोपीची कड जरा झिजलीय, बोलवायला हवं. त्या एका रांगेत नऊ दात त्याचे होते. शेवटचा गडी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"बत्तिशीमामा, हे काय?"

"एकतीस," तो म्हणाला, आणि मनापासून हसला. खिंडीतून वारा आत आला. हरल्याचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण त्याला छान वाटत होतं, अगदी आतून. मास्तर मात्र जाळी वर करून रडत होता. त्याला मिठी मारताना बत्तिशीने त्याचं शिरस्त्राण आधी काढून घेतलं.

सोमवारी सकाळी खिडकीशी चांगला उजेड होता. तिने त्याला स्टुलावर बसवलं, रंगांची पट्टी हातात घेतली आणि कार्डावरचा रंग पक्का करायला एकेक नमुना त्या फटीशी धरून बघू लागली. बूट आणि काठी मास्तर काल रात्रीच घेऊन गेला होता, शाळेतल्या मुलांसाठी.

"हसा," ती म्हणाली.

तो हसला.

"एवढं नाही. ते कालचं झालं. रोजचं हसा."

रोजचं हसू आणायला त्याला जरा वेळ लागला. ती नमुना धरून थांबली, घाई केली नाही.